डाव्या कानाचं मेंढरू

१२ नोव्हेंबर १९९८, गुरुवार

बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळशीची लग्नं लागली की माणसांची सुरू होतात आणि मग कॉम्प्युटरवर टाइप करायला पत्रिकाच पत्रिका. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आता बोटांना पाठ झालंय, डोक्याला काही कामच नाही.

संध्याकाळी बशीरभाई (मालक) शटर अर्धं ओढून नमाजाला जातात. तेवढा वेळ मशीन माझं. आज माउसनं मेंढी काढली. पेन्सिल धरायची सवय असलेल्या हातात माउस म्हणजे ओला साबण. रेघ डावीकडं न्यावी तर ती वर जाते. बशीरभाई कधी येऊन मागं उभे राहिले कळलं नाही.

"ह्ये काय, उशी हाय व्हय?"
"मेंढी हाय."
"पाय कुठं हायत तिचं?"
"गवतात हायत."

पाय येत नव्हते म्हणून गवत काढलं होतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं. खूप हसले. मीही हसलो आणि पुसून टाकली.

१५ नोव्हें., रविवार

दुकान बंद. मेस संध्याकाळी बंद. रविवार कुणी काढला कुणास ठाऊक. कालव्याच्या कडेनं चालत गेलो, चालत आलो. "केळी कशी दिली?" एवढंच दिवसभरात तोंडातून निघालं. केळीवाल्यानंही बोटांनीच उत्तर दिलं.

इम्रानचं बोलणं डोक्यात घोळतंय. इम्रान म्हणजे बशीरभाईंचा पुण्यातला पुतण्या, कॉलेजात कॉम्प्युटर शिकतो. इंटरनेटवर फुकटची जागा मिळते तिथं त्यानं एक पान उघडलंय आणि आता त्यावर टाकायला त्याच्याकडं काही नाही. दिवाळीत आला होता, माझे पत्रिकांवरचे गणपती बघून म्हणाला, "महादूभाई, चित्रांची गोष्ट करा. पंधरा दिवसाला एक भाग. फ्लॉपी पाठवा, मी चढवतो. जगात कुठंही दिसेल."

जगात कुठंही! जगात मला एकाच माणसाला दाखवायचंय आणि तो या वेळी गावी, निरवांगीत, म्हशींपुढं वैरण टाकत असेल.

१९ नोव्हें.

युक्ती सापडली. नव्या शर्टाच्या खोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं. खोलीवर बसून त्यावर स्केचपेननं चित्र काढायचं. दुकानात ते चिकटपट्टीनं स्क्रीनवर लावायचं आणि खालून बाण त्या रेघेवरून चालवायचा. आज पाय आले, चारही. स्क्रीनची काच पोटासारखी पुढं आलेली आहे, त्यामुळं कोपऱ्यातल्या मेंढरांचे पाय उंटाएवढे होतात. मधली मात्र अस्सल.

तोंड डावीकडं. कान काढताना त्यात आपोआप खाच गेली. आमच्या घराची खूण ती, डाव्या कानाला एक खाच. कोकरू जन्मलं की आबा (वडील) पहिल्या आठवड्यातच कात्री लावायचे. दुसऱ्याच्या कळपात गेलेलं जनावर लांबून ओळखू यायचं.

मेंढी जमली म्हणून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. खोलीवर शेजारी कुलूप होतं.

२५ नोव्हें.

गोष्ट ठरली. दोन भाऊ, एक कुत्रं, आमचा मोती. कळप घेऊन निरवांगीहून सुप्याच्या माळावरून कोकणाकडं जातात, पावसाच्या आधी परत येतात. जाताना सगळे डावीकडं तोंड करून चालणार, नकाशात कोकण डावीकडंच आहे. येताना उजवीकडं. नाव 'वाटंवर'. थोरला म्हणजे आण्णा, सोळा वर्षांचा. धाकटा मी, आठ.

आण्णाचं तोंड काही केल्या येत नाही. पाठ येते. खांद्यावर आडवी काठी, काठीवर टाकलेले दोन्ही हात, घोंगडीचं टोक खाली लोंबतंय, हे मी डोळे मिटून काढीन. मी कायम त्याच्या मागंच चालत असायचो ना. मग पाठच काढायची, दुसरं काय.

३० नोव्हें.

मांडून ठेवतो एकदा. इथं कोण वाचणार आहे.

घरातली सगळी मेंढरं डाव्या कानाची. माझा जन्म झाला तेव्हा आबांनी एक कोकरू माझ्या नावानं सोडलं आणि त्याच्या उजव्या कानाला खाच घातली. त्याची पैदास ती माझी, सगळी उजवी. आबा गेल्यावर वाटणीला पंच बोलवावे लागले नाहीत. डाव्या कानाची आण्णाची, उजव्या कानाची माझी. मी इंदापुरात टायपिंग शिकत होतो, म्हणून माझी मेंढरंही आण्णाच चारायचा. वर्षभरानं मी माझी विकायला काढली तेव्हा काही कमी भरली. आण्णा म्हणाला, लांडग्यानं नेली. मी म्हणालो, बरं.

गावानं मात्र बरं म्हटलं नाही. थोरल्यानं धाकट्याची मेंढरं बाजारात नेऊन विकली, अशी बोलवा उठली. आणि ती मी उठवली असं कुणीतरी आण्णाच्या कानात घातलं. त्यानं एकदाच विचारलं, "म्हाद्या, तू म्हनलास?" मी म्हणालो, न्हाय. तो माझ्याकडं बघत राहिला आणि उठून गेला. त्याला चार वर्षं झाली. कळप त्यानंही विकला, आता ऊस आणि दोन म्हशी. माझ्याशी बोलत नाही. मी घरी गेलो तर वाफ्यात पाणी धरायला निघून जातो.

माझ्यासाठी मुलगी बघायला थोरल्या माणसानं जायचं असतं. मी आता एकतीस.

त्याला वाचायला फारसं येत नाही, पण चित्र कळतं. चित्र बघितल्यावर तो बोलेल असं मला वाटतं. बस, एवढ्यासाठीच हे सगळं.

६ डिसेंबर

पहिला भाग झाला. सहा चौकटी. अक्षरांनी जीव खाल्ला. आपला मराठी फाँट दुसऱ्याच्या मशीनवर नसतो, तिथं अक्षरांच्या जागी किडे दिसतात. म्हणून इम्रान म्हणतो, अक्षरं चित्रातच हवीत. म्हणजे तीही माउसनंच. 'चला' हा शब्द लिहायला सगळी संध्याकाळ गेली. आता गोष्टीतली माणसं कमी बोलणार. तशी आमच्यात पद्धतही नाहीच.

रंग सोळाच वापरायचे, नाहीतर फाइल जड होते. सोळा रंगांत माळरान बसतं, आपल्याकडं तेवढेही नसतात.

१४ डिसें.

फ्लॉपी इम्रानकडं पोचली आणि उघडली नाही. "खराब हाय" म्हणे. टपालात कुणी शिक्का मारला असेल तिच्यावर दणकून. मशीनवरची मूळ फाइल मी जागा कमी पडते म्हणून पुसली होती, शहाणाच ना मी. पुन्हा सगळं. पुन्हा 'चला'.

२२ डिसें.

इम्रानचा फोन. चढली! पान दिसतंय म्हणाला. माझी गोष्ट आता जगभर दिसते, फक्त बारामतीत दिसत नाही. इथं कनेक्शन नाही. संध्याकाळी मेसमधल्या एकाला सांगितलं, माझं चित्र इंटरनेटवर आलंय. तो म्हणाला, "आमटी सरकव इकडं."

८ जानेवारी १९९९

बशीरभाईंनी मोडेम आणला. पुण्याला एसटीडी लावून जोडतात. कुत्रं कण्हत असल्यासारखा आवाज काढतो, मग गप्प होतो, मग जोडलं गेलं म्हणायचं. बशीरभाई घड्याळ बघत शेजारी उभे, "लवकर, महादू, लवकर." चित्र वरून खाली एकेक पट्टी उतरत येतं. आधी नुसतं आभाळ. बराच वेळ आभाळच. मग काठीचं टोक, आण्णाचं मुंडासं, पाठ. मेंढरांचे कान आले तेवढ्यात लाइन कटली.

बशीरभाई म्हणाले, "पाय ऱ्हायलं पुन्यात." मी हसलो. लांबून येणारी पाठ पहिल्यांदाच बघितली. आजवर ती जातानाच बघत आलो.

१४ जाने.

संक्रांत. बशीरभाईंच्या घरून तिळाच्या वड्या आल्या, दरवर्षी येतात. गोड बोला असं सगळे एकमेकांना सांगतात, आमच्या घरात नुसतं बोललं तरी चालेल.

इम्रानकडून एक मेल आली, त्यानं छापून पाठवली. कुणी परदेशात राहणारे गृहस्थ आहेत, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय. त्यांच्याकडं बर्फ पडतंय, घराबाहेर पडता येत नाही, ते आणि बायको दोघं 'वाटंवर' उघडून बसतात, पुढचा भाग कधी. मी तो कागद खोलीत भिंतीला लावला. ज्याला कधी बघितलं नाही तो विचारतो पुढं काय झालं. ज्याला पुढचं सगळं माहीत आहे तो...

२१ जाने., गुरुवार

वहिनी आली होती! दाताच्या डॉक्टरकडं आलेली, तशीच गाल धरून दुकानात. मी तीन भागांच्या प्रिंट काढून दिल्या, काळ्या-पांढऱ्या. ती बघत बसली.

"ह्ये तुमचं आण्णा का?"
"व्हय."
"पाठीवरनं वळखलं मी." गाल दुखत असूनही हसली. "आन ह्ये बारकं, शेंबूड पुसतंय त्ये तुमी."

प्रिंट पिशवीत नीट, घडी न करता ठेवल्या. म्हणाली, "मी न्हाय द्यायची त्यांच्या हातात. नुसती चुलीम्होरं ठेवीन."

वहिनीला अक्कल आहे. आमच्या घरात तेवढी एकच आहे.

४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन, गावातल्या बूथवरून. मागं ट्रॅक्टरचा आवाज, निम्मं ऐकू आलं नाही. पण हे आलं: आण्णानं बघितली. जेवायला बसला तेव्हा बघितली, जेवण झाल्यावर परत बघितली. आणि म्हणाला, "मोत्याची शेपटी सरळ काडलीया त्येनं. मोत्याची शेपटी कधी सरळ व्हती?"

चार वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य. तेही शेपटीबद्दल, तेही वहिनीच्या तोंडून. मी फोन ठेवल्यावर दुकानातच येरझाऱ्या घातल्या. एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव नवरीच्या जागी टाकलं. बशीरभाई ओरडले, मला ओरडणं गोड लागलं.

मोत्याची शेपटी वाकडी केली. सगळ्या चौकटींत.

१२ फेब्रु.

ओळखीच्या एसटी ड्रायव्हरबरोबर चौथा भाग पाठवला होता, त्यावर आणखी निरोप. चौथ्या भागात सुप्याच्या माळावर मोती हरणामागं धावतो. आण्णाचं म्हणणं, हरीण नव्हतं, ससा होता, आणि धावला मोती नव्हे, मी. वहिनी म्हणे तो सांगताना पोट धरून हसत होता. मला आठवत नाही. मला आठवत नसलेलं माझं लहानपण त्याच्याकडं आहे, आणि आता ते मला थोडं थोडं परत मिळतंय. मेसमध्ये आज दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१९ फेब्रु.

आता परतीची वाट. सगळे उजवीकडं तोंड करून. सगळं पुन्हा प्लास्टिकवर काढायचं म्हणजे महिना गेला असता. पत्रिकेवरच्या मोरांनी वाचवलं. डाव्या कोपऱ्यात एक मोर काढायचा, त्याची नक्कल घ्यायची, 'फ्लिप' म्हणायचं की तो तोंड फिरवून उजव्या कोपऱ्यात बसायला तयार. रोज करतो हे, कधी मेंढरांना लावायचं सुचलं नव्हतं. सगळा कळप एका दणक्यात फिरवला. ज्या कामाला आबांना दोन कुत्री आणि तीन माणसं लागायची ते एका बोटानं. पाचवा भाग दोन संध्याकाळींत पुरा!

फ्लॉपी पुण्याला. प्रिंट निरवांगीला, त्याच ड्रायव्हरबरोबर.

२ मार्च

होळी झाली. निरोप नाही. वहिनी कामात असेल.

परदेशातल्या गृहस्थांची मेल: मेंढरं घरी परतताना बघून बायको रडली.

९ मार्च

वहिनीचा फोन. आवाज खाली.

"भावजी, आता पाटवू नगा चित्रं."
"का?"
"त्ये म्हनत्यात पाटवू नगा."
"पर झालं काय?"
"तुमाला ठावं न्हाय व्हय?" म्हणाली. मग लाइन गेली, का तिनंच ठेवला, माहीत नाही.

पाचवा भाग समोर घेऊन बसलो. आण्णाची पाठ नीट आहे. मुंडासं नीट आहे. मोत्याची शेपटी वाकडी आहे. यात काय आहे? काय केलं मी?

१४ मार्च, रविवार

निरवांगीला जाऊन आलो. बसनं काटेवाडीवरून पुढं, मग माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मागं लटकून. ऊसतोड संपत आलेली, रान उघडं पडलंय. आण्णा मक्याला पाणी देत होता. बांधावर उभा राहिलो. त्यानं वर बघितलं नाही. खोऱ्यानं माती ओढत राहिला. मीच परत फिरलो.

वहिनीनं चहा टाकला. चहा गाळता गाळता तिनं देवळीतून कागद काढून माझ्यापुढं टाकले. पहिला भाग आणि पाचवा.

"कान बघा की, भावजी."

बघितलं.

पहिल्या भागात सगळ्या मेंढरांना डाव्या कानाला खाच. पाचव्यात सगळ्यांना उजव्या. फिरवली ना मी. मेंढी फिरली तसा कानही फिरला. म्हणजे आण्णा जाताना स्वतःची मेंढरं घेऊन गेला आणि येताना माझी हाकून आणतोय, असं मी चौकटी पाडून, रंगवून, जगभर लावलं. गाव जे कुजबुजत होतं त्याचं मी चित्र काढलं. आणि त्याच्याच घरी पाठवलं, वर 'घरी परत' असं नाव घालून.

जन्मल्यापासून कान बघून मेंढरं ओळखत आलेला मी, मला दिसलं नाही. चार वर्षं स्क्रीनकडं बघून डोळे पत्रिकेवाल्याचे झालेत.

चहा तसाच टाकून रानात पळालो. बांधावरूनच ओरडलो, "आण्णा, मी न्हाय केलं! मशीननं उलटं केलं त्ये!"

तो ताठ झाला. खोरं टेकवलं. माझ्याकडं न बघता म्हणाला, "मशीनला काय ठावं, कुनाच्या कुटल्या कानाला खाच हाय ती? करनाऱ्यानं केलं."

चार वर्षांनी माझ्याशी बोलला तो हे बोलला. जीपमध्ये शेजारची बाई सारखी विचारत होती, बाबा तुला बरं न्हाय का. मी म्हणालो डोळ्यात धूळ गेली.

१६ मार्च

इम्रानला फोन करून सांगितलं, पाचवा भाग काढ. तो म्हणाला, कानाकडं कोण बघतंय, महादूभाई? बरोबर आहे त्याचं. सगळ्या जगात तिघांनाच ते दिसणार, आणि त्या तिघांसाठीच होतं ते. मग म्हणाला, परीक्षा आहे, नवीन तयार असेल तर पाठवा, मगच जुना काढतो, पान रिकामं नको.

नवीन करायला बसलो. फिरवाफिरवी बंद. एकेक मेंढी हातानं, उजवीकडं तोंड, जवळचा कान अख्खा, पलीकडच्या कानाला खाच. पलीकडचा कान म्हणजे डोक्यामागून निघालेली नुसती चिमूट. त्यात खाच दाखवायची. माउसच्या गोळीला मळ बसला की बाण अडतो आणि अख्खा कान तुटतो. दोनदा गोळी काढून नखानं साफ केली.

१८ मार्च

पाडवा. सुट्टी. खोलीवर प्लास्टिकवर कान काढत बसलो. घरमालकीण श्रीखंड देऊन गेली, "एकटंच का?" म्हणाली. वाटी घेतली आणि हसलो.

मी एवढा चिडलोय कुणावर? आण्णावर नाही. स्वतःवर आहे, पण तेही पूर्ण नाही. माणसानं एकदा तरी विचारायला नको, बाबा, असं का काढलंस? चित्र बघितलं आणि निकाल लावला. आबा असेच होते. मीही तसाच असेन, कुणी माझ्यापुढं चित्र ठेवलेलं नाही अजून.

२३ मार्च

बशीरभाईंना सगळं सांगितलं. आजवर कधी घरचं बोललो नव्हतो. त्यांनी ऐकून घेतलं, पान जुळवलं, मग म्हणाले, "सांगून पटनार न्हाय त्येला. हितं आन. डोळ्यानं बघू दे फिरतंय कसं."

वहिनीला बूथवर निरोप ठेवला: बाजारच्या दिवशी आण्णाला दुकानावर पाठव. एकदाच. मोर दाखवायचाय.

२५ मार्च, गुरुवार

आला नाही. दर वेळी दाराची काच हलली की मान वर. मानच दुखायला लागली.

१ एप्रिल, गुरुवार

नाही आला.

८ एप्रिल, गुरुवार

आला.

दुपारी गर्दी ओसरल्यावर. काचेपलीकडं उभा, हातात कासऱ्याची नवी दोरी. किती वेळ उभा होता देव जाणे. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून यायचं असतं हे त्याला दुसऱ्यांकडं बघून कळलं, त्यानं चपला काढून भिंतीला कडेला नीट लावल्या, देवळात लावतो तशा. केस पिकलेत. जवळून बघितलंच नव्हतं.

बशीरभाईंनी स्टूल दिलं. "बसा, आण्णा." तो टोकावर बसला, दोरी मांडीवर. मी मोर उघडला. फिरवला. मग मेंढी. डावीकडं तोंड, डाव्या कानाला खाच. फ्लिप. उजवीकडं तोंड, उजव्या कानाला खाच.

"परत," तो म्हणाला.

परत केलं. पुन्हा "परत". तो स्क्रीनजवळ वाकला, मेंढीच्या कानावर बोट ठेवायला गेला आणि काचेची झिणझिण लागली तसं बोट मागं घेतलं.

"म्हंजी ह्यो कान हितनं तितं जातोय."
"व्हय. आपोआप. मी बघितलंच न्हाय, आण्णा. देवाशपथ."

त्यानं बोट मांडीवर पुसलं. पटलं त्याला, ते त्याच्या खांद्यांवरून कळलं. मला एवढं हलकं वाटलं की मी बडबडत सुटलो. नवीन पाचवा भाग उघडला. एकेक मेंढी दाखवली, ही बघ, पलीकडच्या कानाला खाच, ही बघ, सगळी डाव्या कानाची, सगळी तुझी. आता हे चढवतो, जुनं पुसून टाकतो, कुणाला दिसणार नाही.

तो स्क्रीनकडं बघत होता. दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

"पुसू नगंस," म्हणाला.
"आँ?"
"हाय तसंच ऱ्हाऊ दे." मग दोरी बोटावरून सोडवत, आधीपेक्षा हळू, "खोटं न्हाय त्ये."

तो उठला. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चहा घेनार का?" तो म्हणाला नगं, गाडी हाय. चपला घातल्या आणि बाजाराच्या गर्दीत गेला. पाठ दिसली थोडा वेळ.

बशीरभाईंनी ऐकलं होतं. त्यांनी रेडिओ लावला आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले.

९ एप्रिल

काम केलं. काय केलं आठवत नाही.

म्हणजे लांडगा आलाच नव्हता. आणि तो चार वर्षं माझ्यावर रुसला नव्हता. त्याला माझ्यासमोर उभं राहवत नव्हतं. आणि मी त्याचा रुसवा काढायला त्याच्यापुढं दर पंधरा दिवसांनी कळप नेऊन उभा करत होतो. तरी त्यानं बघितला. शेपटीवर बोलला. सशाची आठवण काढून हसला.

मेंढरांचं मला काही वाटत नाही, खरंच नाही. का विकली असतील हेही विचारणार नाही. चार वर्षांचं वाटतं. रविवारच्या त्या केळ्यांचं वाटतं. रागही येतो, मग तो दोरी गुंडाळत बसलेला दिसतो आणि राग जातो, आणि मग परत येतो.

१० एप्रिल, शनिवार

इम्रानचा फोन. परीक्षा संपली, फ्लॉपी पाठवा, पाचवा कुठला ठेवायचा ते सांगा. नवीन चढवला तर मी झाकलं असं होईल, आणि त्यानं नको म्हटलंय. जुना ठेवला तर तो दर वेळी त्याच कळपामागं चालत राहणार, जगभर. त्याला म्हटलं, दोन दिवस थांब. म्हणाला, लोक पुढच्या भागाची वाट बघतायत. म्हटलं, बघू देत.

उद्या निरवांगीला जायचं. तो वाफ्यात असेल, वर बघणार नाही. या वेळी बांधावर थांबायचं नाही, चप्पल काढून सरळ चिखलात उतरायचं, त्याच्या हातातलं खोरं घ्यायचं आणि म्हणायचं, आण्णा, नुसतं मागितलं असतंस तर...

नको. हे नको. हे त्याला लागेल. दुसरं काहीतरी म्हणायला पाहिजे, आणि संध्याकाळपासून बसलोय, ते काही सुचत नाही.